शाळेपुढचा रस्ता मुलांसाठी बदलायचाय, गल्लीतल्या लोकांना त्यात कसं घ्यायचं? (बेळगाव)

आधी मुलांनाच विचारा. पाचवी-सहावीच्या पोरांना कागद द्या, घरून चालत येताना कुठं भीती वाटते ते काढायला सांगा, मग बघा, मोठ्यांच्या मीटिंगमध्ये कधी निघत नाही ते सगळं निघतं, उघडं गटार, फुटपाथवरच्या गाड्या, वळणावर थांबलेल्या रिक्षा. तो नकाशा घेऊन गल्लीतले पंच, गणपती मंडळाची पोरं, दुकानदार, रिक्षावाले मामा सगळ्यांकडं जा. पालकांनाही धरा, गेटपुढची गर्दी बहुतेक आपणच करतो की!

दुकानदार पार्किंग जाणार म्हणून भांडणारच, त्यामुळं डायरेक्ट काँक्रीट नको, ट्रॅफिक पोलिसांना विचारून आठवडाभर चुन्याचे पट्टे नि ट्रॅफिकचे प्लास्टिक कोन लावून ट्रायल घ्या, पटलं तर ठेवा नाहीतर बदला.

महापालिकेकडं 'सुधारणा करा' असं मोघम मागू नका. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) नियमाप्रमाणे फुटपाथ निदान १.८ मीटर मोकळा हवा, फुटपाथची रस्त्यापासून उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, असं लिहा. निवेदन कन्नड-मराठी दोन्हीत द्या, वाद नको नि फाइल हलते. केंद्र सरकारच्या लहान मुलांसाठीच्या 'नर्चरिंग नेबरहुड्स चॅलेंज'मध्ये शेजारचं हुबळी-धारवाड निवडलं गेलं होतं, तेही नगरसेवकाला ऐकवा, हुबळीचं नाव काढलं की आपल्याकडं जरा चुरस येते 😄