आधी जागा सांग

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. खोलीतल्या मुलीचा घसा सुजला, तिचा श्वास अडकायला लागला आणि तू मोबाइलवर भाषांतराचं ॲप उघडून वाक्य जुळवत बसलीस. ॲलर्जीला काय म्हणतात, क्रियापद मध्ये येतं की शेवटी, हे सगळं त्या घटकेला. अखेर खालच्या मजल्यावरच्या आजींनी धावपळ ऐकली आणि त्यांनीच फोन लावला. मुलगी घरी परत आली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पुढे तू लिहितेस की जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा झाली की असं होणार नाही, आणि तोवर काकांनी अशा वेळी बोलायची पंधरा-वीस वाक्यं लिहून पाठवावीत, तू ती जर्मनमध्ये करून पाठ करशील.

वाक्यं मी देणार नाही. रागावू नकोस. वाक्यं पाठ केलीस तर पुढच्या वेळी त्यातलं तिसरं की सातवं हे आठवण्यात आणखी दहा मिनिटं जातील. त्या रात्री तुझ्याजवळ एक गोष्ट होती, जिचं भाषांतर करावंच लागत नाही: ती खोली कुठे आहे. रस्त्याचं नाव, घराचा नंबर, मजला. हे जर्मनमध्ये तेच, मराठीतही तेच. ११२ हा तिथला आणीबाणीचा नंबर लावून एवढंच तीनदा म्हटलं असतंस, तर एकही क्रियापद न वापरता गाडी निघाली असती. आधी जागा सांग. आजार मागाहून.

तू लहानपणी आमच्याकडे येऊन माझी मोर्सची किल्ली टकटक वाजवत बसायचीस, तेव्हा तो खेळ होता. आता तोच विषय नीट सांगतो, कारण ही शिस्त मी पुस्तकात वाचलेली नाही, तिच्यावर बोटीवरचा रेडिओ अधिकारी म्हणून माझी उभी नोकरी गेली आहे. आमच्या रेडिओ रूममधल्या घड्याळावर लाल पट्टे असायचे. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या लहरीवर, सगळ्या बोटींनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. कुठे कुणी बुडत असेल, जळत असेल, तर त्याचा क्षीण आवाज तेवढ्या शांततेत कानावर पडावा म्हणून. अशा वेळी ऐकणाऱ्याला पहिलं काय हवं असतं, हे मला विचार. बोटीचं नाव आणि ती कुठे आहे ते. आग लागली की पाणी शिरलं, माणसं किती, हे सगळं त्याच्यानंतर. हा क्रम कुणाच्या लहरीने पडलेला नाही. बुडत्या बोटीची बॅटरी कधी पाण्याखाली जाईल, अँटेना कधी कोसळेल, याचा भरवसा नसतो. संदेश मध्येच तुटला तरी जागा कळलेली असली की जवळची बोट तोंड वळवून निघू शकते. नुसतंच 'आग लागली आहे' एवढं ऐकून तुटला, तर ऐकणारा हळहळण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आणि भाषेचं म्हणशील, तर आमच्या धंद्याने त्यावर किती विचार केला आहे बघ. १९६५ साली मंजूर झालेलं आंतरराष्ट्रीय संकेतांचं पुस्तक नऊ भाषांत निघालं. त्यात आजारपणासाठी वेगळा विभाग आहे. एम-ए-ए एवढी तीन अक्षरं पाठवली की तातडीचा वैद्यकीय सल्ला हवा आहे, हे जपानी कप्तानालाही कळतं आणि ग्रीक कप्तानालाही. शरीराच्या भागांचा तक्ता, नेहमीच्या रोगांचा तक्ता, औषधांचा तक्ता, सगळं आकड्यांत बसवलेलं. रोममध्ये १९३५ पासून एक केंद्र चालतं, तिथले डॉक्टर समुद्रावरच्या कुठल्याही देशाच्या बोटीला रेडिओवरून फुकट सल्ला देतात. त्याचा पहिला अध्यक्ष खुद्द मार्कोनी होता. एवढी तयारी! पण आपण आत्ता कुठे आहोत, हे त्या पुस्तकाच्या कुठल्याच पानावर छापलेलं नसतं. ते ज्याचं त्यानेच सांगावं लागतं.

आमच्या बोटीवर गुहागरकडचा एक भंडारी होता. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, हे तुला ठाऊक असेल. दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात तो सुट्टीवर किनाऱ्यावर उतरला, बरोबर एक अगदी नवा खलाशी पोरगा. तिथल्या लॉजमध्ये याच्या पोटात असह्य दुखायला लागलं आणि रक्ताची उलटी झाली. पोरगा हुशार, खिशात दुभाषी पुस्तिका ठेवणारा. त्याने फोन लावला आणि पुस्तिकेत बघून पोट, रक्त, वेदना सगळं सांगितलं. पलीकडची बाई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. याला तो कळेना, हा पुन्हा पोट, पुन्हा रक्त. ती आपल्याला नकार देते आहे असं समजून त्याने फोन ठेवला. संध्याकाळी टॅक्सीत घालून भंडाऱ्याला नेलं, तोवर फार उशीर झाला होता. नंतर एजंटच्या माणसाने चौकशी केली तेव्हा कळलं, ती बाई फक्त पत्ता विचारत होती.

बंदरात बोट लागली की रेडिओ रूमला कुलूप असतं. जगात कुठूनही डॉक्टर मिळवून देऊ शकणारा मी त्या वेळी बोटीवर बसून घरी पत्र लिहीत होतो. भंडारी तिथून मैलभरसुद्धा लांब नसेल. हे माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही आणि जाऊही नये. त्या पोराला मी कधी बोल लावला नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तुला मात्र मी शिकवतो आहे, म्हणून तुझ्याशी कडक बोलतो. फोनवरचा माणूस तोच तो प्रश्न विचारतोय आणि तुला तो समजत नाही, तेव्हा उत्तर एकच: पत्ता. पुन्हा विचारलं, पुन्हा पत्ता.

आता तुझ्या घराकडे येऊ. आपण मुंबईची माणसं पत्ता सांगत नाही, खुणा सांगतो. पोर्तुगीज चर्चवरून आत, पिठाच्या गिरणीशी डावीकडे, कुणालाही विचारा. स्टुटगार्टमध्ये रात्री तीन वाजता विचारायला कुणी नसतं. (हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, पण पत्त्याच्या बाबतीत ते अजिबात आपल्या नात्यातलं नाही.) शिवाय जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, खाली घंटेच्या पाटीवर आडनावं असतात. गाडीतली माणसं नावावरून घंटा दाबतात. तू पोटभाडेकरू आहेस, तुझं आडनाव तिथे आहे का? नसेल तर फोनवर तुझं नाव सांगून काय उपयोग? घंटेवर ज्याचं नाव असेल ते सांगायचं, आणि अक्षरं सुटी करून सांगायचं. मजलाही सांगायचा. घराचा नंबर दोन आकडी असेल तर तेही आकडे सुटे. जर्मनमध्ये चोवीस म्हणताना आपल्यासारखाच चार आधी येतो, पण तू मनातल्या मनात इंग्रजीवरून जातेस आणि घाईत चोवीसचे बेचाळीस होतात. दोन, चार. असं.

तू म्हणशील, काका, आता फोनच जागा पाठवतो. पाठवतो, मला माहीत आहे. युरोपात ११२ लावला की बहुतेक स्मार्टफोन आपला ठावठिकाणा आपोआप कळवतात. चांगली सोय आहे. पण त्यातून इमारत कळेल, चौथा मजला कळणार नाही आणि घंटेवरचं नाव तर नाहीच. माझा मुलगाही हेच जीपीएसचं पालुपद लावतो. आमच्या सोसायटीच्या सभेत मी विंगची अक्षरं फाटकावर मोठी आणि रात्री उजेडात दिसतील अशी लावा म्हणून हट्ट धरला, तेव्हाही हेच ऐकवलं गेलं. मी ऐकलं नाही. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते, पण आमच्या गल्लीत ती बी विंग शोधत उभी राहिलेली मी गॅलरीतून बघितली आहे. पाट्या लागल्या. नातवंडांकडूनही मी पूर्ण पत्ता पिनकोडसकट म्हणवून घेतो, सुनेला ते आवडत नाही. लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही, आणि तुझंही नाही.

घराबाहेर असताना काय? जागेची खूण शोधायची सवय लाव. तुमच्याकडे रानात फिरायला गेलीस तर बऱ्याच ठिकाणी बचाव-बिंदूच्या पाट्या असतात, त्यावरचा नंबर वाचून दाखवला की गाडी कुठे न्यायची ते त्यांना कळतं. तुझा मावसभाऊ जपानला जातोय ना, त्याला सांग: तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पण शीतपेयांच्या यंत्रांवर तिथला पत्ता चिकटवलेला असतो, तो दाखवून कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. तिथला नंबर ११९, आणि तो अग्निशमनाचाही आहे, म्हणून पहिला प्रश्न आग की ॲम्ब्युलन्स असा येतो. त्याला 'क्यूक्यू', म्हणजे ॲम्ब्युलन्स, एवढं उत्तर दिलं की लगेच जागा सांगायची. दुबईत इमारतींवर जागा ओळखायच्या दहा आकडी नंबरची, मकानी नावाची पाटी असते आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९८. देशागणिक नंबर बदलतात, ते तिथे पोचायच्या आत बघून ठेवायचे.

फोन आपण होऊन ठेवायचा नाही. भंडाऱ्याची गोष्ट पुन्हा वाच. तू लाइनवर राहिलीस तर पलीकडचा माणूस इंग्रजी येणाऱ्या सहकाऱ्याला बोलावू शकतो, कुठे कुठे दुभाष्याला मध्ये घेतात, आणि श्वास थांबलाच तर छाती कशी दाबायची हेही सांगतात. तू स्पीकर चालू करून मुलीजवळ बसायचं. दुसरं कुणी असेल तर त्याला खाली दारात उभं करायचं. आणि लक्षात ठेव, कुलूपबंद फोनवरूनही ११२ लागतो, पण जर्मनीत २००९ पासून फोनमध्ये सिम असावं लागतं. जुना बिनसिमचा फोन उशाशी ठेवून निर्धास्त राहू नकोस. खर्चाची भीती वाटली असंही तू एका ओळीत लिहून गेलीस. तुझा तिथला सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा आहे. खरोखर गरजेच्या गाडीसाठी त्यात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त १० युरो जातात. त्यापायी पुन्हा कधी थांबू नकोस. ताप, कान दुखणं असलं रात्री काही निघालं तर ११६११७ वर डॉक्टर मिळतो, त्यासाठी ११२ अडवायचा नाही. घसा सुजणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं, यात मात्र विचार करत बसायचं नाही.

जागा कळली, गाडी निघाली, मग शब्दांना वेळ मिळतो. तेव्हाही बोलण्यापेक्षा कागद बरा. आमच्या पुस्तकातही रुग्णाची माहिती वय, स्त्री की पुरुष, आधीचे आजार अशीच सुरू होते आणि मग दुखणं. तसाच अर्ध्या पानाचा कागद कर: जन्मतारीख, आजार, ॲलर्जी, रोजची औषधं, घरच्यांचा फोन. औषधांची दुकानातली नावं लिहू नकोस. क्रोसीन म्हणून तिथे कुणाला कळणार नाही, पॅरासिटामॉल कळेल. वेष्टनावर बारीक अक्षरांत जे मूळ औषधाचं नाव असतं ते उतरवून घे. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजवर. फोनच्या आणीबाणीच्या माहितीतही भर, पण कागद हवाच, कारण चार्जिंग संपतं. आणि कागदाच्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, काय लिहायचं ते आता मी पुन्हा सांगायला नको.

तुझी खोलीतली मैत्रीण केरळची आहे, तिच्यासाठीही एक कर आणि तिच्याकडून ११२ ला सांगायचा पत्ता मोठ्याने म्हणवून घे. पुढच्या वेळी श्वास तुझा अडकलेला असेल आणि फोन तिच्या हातात असेल. तिने डॉक्टरांना विचारून ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन लिहून घेतलं का, तेही विचार. शेंगदाण्याने एकदा असं झालं, तर पुन्हा होऊ शकतं.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. आधी खाली जाऊन घंटेची पाटी बघून ये. तुझं आडनाव नसेल तर सोमवारी घरमालकाला चिकटवायला सांग, आणि पाटीचा फोटो मला पाठव. अक्षरं वाचता आली पाहिजेत.

तुझा,
काका