वाचक विचारतात : शंभर घोड्यांचा सरदार कुठल्या कागदात शोधायचा?

प्रश्न : आमचा मूळपुरुष आदिलशाहीत शंभर घोड्यांचा सरदार होता, असे घरात सांगतात. आजोबांनी उतरवून ठेवलेली वंशावळ माझ्यापर्यंत नऊ पिढ्यांची आहे. लढायांच्या वर्णनांत मात्र त्याचे नाव कुठेच नाही. शोध कसा घ्यावा?
— एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)

उत्तर : लढाया बाजूला ठेवा. फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, जतचे डफळे यांची नावे तिथे येतात. शंभर घोड्यांचा माणूस 'वगैरे'त जातो. तो सापडतो वतनाच्या भांडणात. त्यातही मोकाशाच्या, म्हणजे चाकरीच्या बदल्यात मिळालेल्या गावाच्या उत्पन्नाच्या, मागे लागू नका. मोकासा चाकरीपुरता, आज या गावी तर उद्या दुसऱ्या. पाटीलकी किंवा देशमुखी पिढीजात, म्हणून तिच्यावरून वाद झाले आणि वादामुळे कागद झाले.

सुरुवात आजच्या टोकाकडून करा. तहसीलमधून जुने फेरफार, वारसनोंदी आणि जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ काढा. तिथून इनामाच्या नोंदींकडे जा. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर इनामांची चौकशी झाली, तेव्हा हक्कदारांनी कैफियतीसोबत वंशावळी दिल्या. असे कागद पुण्याच्या पुरालेखागारात पाहावेत. तिथे आडनावावर मागणी करून भागत नाही. गाव आणि परगणा सांगा, मग कोणते रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) काढायचे ते ठरते. आजचा तालुका आणि जुना परगणा यांच्या सीमा जुळतीलच असे नाही, म्हणून शेजारचे परगणेही तपासा.

महजर, म्हणजे वतनाच्या वादाचा सभेत झालेला निवाडापत्र, मिळाला तर निवाड्यावर थांबू नका, शेवटची गोही-साक्ष (साक्षीदारांची नावे आणि निशाण्या) वाचा. खरी संपत्ती तिथे असते. गोतसभेला (वाद ऐकणाऱ्या पंचायतीला) कोण बसले, पाटलाने नांगराची निशाणी कुठे केली, शेजारच्या गावचा कोणता भाऊबंद हजर होता, हे सगळे तिथे दिसते. तुमचा पुरुष स्वतः वादी नसला तरी दुसऱ्याच्या महजरात साक्षीदार म्हणून सापडू शकतो.

आडनावावर फार विसंबू नका. निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. तुमचेही आडनाव गावावरून किंवा किताबावरून पडलेले असेल, तर त्याआधीच्या कागदात कुळीचे नाव नाहीतर नुसते 'अमुक बिन तमुक पाटील मोकदम' असे मिळेल. नातवाला आजोबाचे नाव ठेवत असल्यामुळे दोन मालोजी एकच धरले जातात आणि मधल्या दोन पिढ्या गळतात. तुमच्या वंशावळीत हे झाले असावे. विजापूर १६८६ मध्ये पडले. तेव्हापासून आजवर, पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली तर, अकरा ते चौदा पिढ्या व्हायला हव्यात. वादासाठी लिहिलेल्या वंशावळीत दत्तक औरस म्हणून येतो आणि विरोधी शाखा वगळली जाते. म्हणून प्रत्येक नावाला दुसरा, वेगळ्या कारणाने झालेला कागद हवा. हेळव्यांनी (पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांगणाऱ्यांनी) सांगितलेली नावे आणि नाशिक-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या इथे फार उपयोगी पडतात.

प्रश्न : आमच्या मोडी कागदावर 'सुहूर सन सबा सबैन व अलफ, छ २० रमजान' असे आहे. इसवी सन कोणते?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : सबा ७, सबैन ७०, अलफ १०००, म्हणजे सुहूर या जुन्या कालगणनेचे १०७७ साल. 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. हे साल मृगात सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या साली २० रमजान नोव्हेंबरात येतो, म्हणून १६७६. चूक होते ती सबा-सबैन, खमस-खमसैन, अर्बा-अर्बैन यांत. मोडीत शब्द सलग लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे एक 'न' सुटला की सत्तराचे सात होतात. कागदात वार दिला असेल तर जंत्रीत (जुन्या तारखा आणि वारांच्या तक्त्यांत) तो जुळतो का ते पाहा. जुळला नाही तर सन पुन्हा वाचून घ्या, शक्यतो दुसऱ्या मोडी वाचकाकडून.