‘आई, तू ऑफिसला कधी जाणार?’

सहा वर्षांच्या मुलाने हे विचारलं, तेव्हा त्याची आई ओट्याशी भांडी आवरत होती. शाळेच्या सुट्टीचा तो नववा दिवस. मुलांबरोबर राहता यावं म्हणून तिने वर्षभर साठवलेली तीन आठवड्यांची रजा टाकली होती. प्रश्न ऐकला आणि ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जाऊन रडली. दोन दिवसांनी माझ्यासमोर बसली, तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं.

“मॅडम, त्याला मी घरात नको आहे. आणि खरं सांगू? शाळा उघडायला किती दिवस उरलेत ते मीही मोजतेय. अशी आई असते का?”

सुट्ट्यांच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येतच असतो. मुलांवर जीव आहे, पण दिवसभर ती आसपास असली की चिडचिड होते, आवाज चढतो आणि रात्री झोपलेल्या मुलांकडे पाहून वाईट वाटतं. असं बोलणारे बाबाही मी पाहिले आहेत. या कुटुंबाच्या परवानगीने ही हकिगत लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.

आधी मी काही सरळ प्रश्न विचारले. मुलांवर हात उगारला जातो का? सुट्टीच्या आधीपासून मन उदास आहे का? मुलं झोपल्यावरही झोप लागत नाही असं होतं का? जगणंच नकोसं वाटतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असतं, तर मी पुढची दिशा बदलली असती आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तिचं तसं काही नव्हतं. ती दमलेली होती आणि मनातून घाबरलेली होती.

तिने मोबाइलमधला एक फोटो दाखवला. फ्रिजवर लावलेलं सुट्टीचं वेळापत्रक, रंगीत पेनांनी आखलेलं. चित्रकला, वाचन, बागकाम, विज्ञानाचे प्रयोग. तासातासाला काहीतरी. तिने ते किती मनापासून केलं होतं हे कागदाकडे पाहूनच कळत होतं. पण त्या कागदावर रिकामी जागा कुठेच नव्हती, आणि तिचं स्वतःचं जेवणही नव्हतं.

मी तिला एक साधी वही करायला सांगितली. चार दिवस, ज्या ज्या वेळी आवाज चढेल त्या वेळची नोंद. काय बोललात ते लिहू नका. त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात कोण काय करत होतं, कुणी कधी खाल्लं होतं, कोण किती झोपलं होतं, एवढंच लिहा. ‘कोण’मध्ये तुम्हीही येता.

वही घेऊन ती आली ती जरा चकित होऊनच. तिची समजूत होती की आपण दिवसभर ओरडतो. नोंदी अकरा होत्या, आणि त्यातल्या नऊ दोनच वेळांच्या: सकाळी अकराच्या सुमाराच्या आणि संध्याकाळी पाचनंतरच्या.

अकराचं कोडं चटकन सुटलं. शाळेत साडेदहाला मधली सुट्टी व्हायची, डबा खाऊन मुलं मोकळी धावायची. घरी त्या वेळेला वेळापत्रकाप्रमाणे वाचन चालू असायचं. पोटात भूक, पायांत धाव आणि समोर पुस्तक. शाळा मुलांना शिकवते हे आपल्या लक्षात असतं. ती त्यांच्या दिवसाला खाण्याचे, पळण्याचे, बसण्याचे ठरलेले टप्पे देते हे मात्र सुट्टी लागली की विसरायला होतं. लहान मुलांना घड्याळ कळत नाही, त्यांना ‘यानंतर ते’ कळतं. तो क्रम मोडला की ती कावरीबावरी होतात आणि आपण त्याला हट्ट म्हणतो.

संध्याकाळचं मूळ झोपेत होतं. सुट्टी म्हणून झोपायची वेळ तास-दीड तास पुढे सरकली होती, सकाळी मात्र दोघंही नेहमीच्या वेळेला उठत होती. साडेतीन वर्षांच्या धाकटीची दुपारची झोपही सुटली होती. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाची मिळून 10 ते 13 तास झोप लागते, सहाच्या पुढे 9 ते 12. धाकटीची कशीबशी नऊ होत होती. पाच वाजता ती ज्या कारणाने जमिनीवर लोळण घ्यायची ते कारण खरं नसायचंच. तिला झोप हवी असायची. आणि त्याच वेळी आई दुपारचं अर्धवट जेवून पुढच्या स्वयंपाकाला लागलेली असायची.

उरलेल्या दोन नोंदी मोबाइल हातातून काढून घेतानाच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा बैठा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर उत्तमच. पण सुट्टीच्या मध्यावर मी हा आकडा आईच्या डोक्यावर ठेवत नाही. आधी काढून घेण्याची रीत बदलू या म्हटलं. ‘पाच मिनिटांनी बंद’ याला साडेतीन वर्षांच्या मुलीच्या लेखी काही अर्थ नसतो. ‘ही गोष्ट संपली की बंद, मग आपण झाडांना पाणी घालायला जायचं’ हे तिला कळतं.

वेळापत्रक उतरलं. त्याच्या जागी सकाळी लवकर खाणं, मग मैदान, दुपारी अंधार करून आडवं होणं आणि बाकीचा वेळ मोकळा. “कंटाळा आला म्हणतील ना,” ती म्हणाली. म्हणू देत. कंटाळा आलेलं मूल थोडा वेळ भुणभुण करतं आणि मग एखादं खोकं, चादर, दोन उशा ओढून आणतं. तेवढा धीर आपल्याला धरता आला पाहिजे. तिच्या नवऱ्याशीही बोलले. कामावर निघण्याआधीचा अर्धा तास मुलांचं सगळं तो बघणार आणि ती बसून, गरम असतानाच खाणार, असं ठरलं.

तरी ओरडलं जाणारच, हेही मी तिला सांगितलं. एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकापासून आई आणि तान्ही बाळं एकमेकांना कसा प्रतिसाद देतात याचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यात दिसलं की चांगलं नातं असलेल्या जोड्यांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात. ते सुटतात आणि पुन्हा जुळतात, आणि बाळ त्या पुन्हा जुळण्यातून शिकतं. म्हणून ओरडून झाल्यावर शांत व्हा, जवळ जा आणि एवढंच म्हणा, “मी मोठ्याने ओरडले, तुला भीती वाटली असेल. माझं चुकलं.” त्याला जोडून ‘पण तू पण ना’ नको. त्या ‘पण’ने माफी पुसली जाते.

राहिला तो नवव्या दिवसाचा प्रश्न. “तू असं का विचारलंस, हे त्याला विचारलंत?” तिने मान हलवली. उत्तराची भीती वाटत होती.

मी म्हटलं, ‘का’ विचारू नका. सहा वर्षांच्या मुलाला ‘का’ म्हणजे जाब विचारल्यासारखा वाटतो. रात्री दिवा मालवल्यावर शेजारी पडून विचारा, मी ऑफिसला गेले की मग काय होतं?

पुढच्या भेटीला ती आली तेव्हा सांगताना तिचा आवाज भरून येत होता.

“तो म्हणाला, मग तू परत येतेस.”

“आणि?”

“आणि पर्स तशीच ठेवून आमच्याजवळ खाली बसतेस.”

कामाच्या दिवसांत ती दारातून आत आली की दहा-पंधरा मिनिटं मुलांजवळ जमिनीवर बसायची. तिच्या लेखी तो दमून टेकण्याचा वेळ होता, म्हणून कुठल्या वेळापत्रकात तो धरलाच नव्हता. सुट्टीत ती दिवसभर घरात होती आणि दिवसभर उभी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या, दाराबाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. आतून दोघांचे धावत येणारे पाय ऐकू आले.