शोकांतिका म्हटलं की शेवट रडकाच हवा का?

प्रश्न असा आलाय की शोकांतिका म्हणजे शोक अधिक अंत, मग प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीजच्या 'हेलन'मध्ये नवरा-बायको सुखरूप पळून जातात तरी पुस्तकात तिला शोकांतिका का म्हटलंय, छापताना चुकलंय का?

छपाईची चूक नाहीये. घोळ आपल्या शब्दात आहे. ज्यानं कुणी शोकांतिका हा शब्द पाडला त्यानं शोक नेऊन थेट शेवटात बसवला, मूळ ग्रीक शब्दात तसलं काहीच नाही. 'त्रागोइदिया' म्हणजे शब्दशः बोकडाचं गाणं! बोकड तिथे कुठून आला, बक्षीस म्हणून की बळी म्हणून, यावर अभ्यासक अजून भांडतायत, ते सोडून देऊ. अथेन्समध्ये डायोनायसस या मद्याच्या देवाच्या उत्सवात नाटकांची स्पर्धा असायची, प्रत्येक नाटककारानं तीन त्रागोइदिया आणि वर एक धुडगूस घालणारं सॅटर-नाटक, म्हणजे अर्धे माणूस-अर्धे पशू अशा सॅटरांचा कोरस असलेलं विनोदी नाटक, द्यायचं. साधारणपणे त्या तिनांत बसलं की झाली त्रागोइदिया, शेवटी माणसं मरोत नाहीतर घरी जाऊन जेवोत.

युरिपिडीज तर यात वस्ताद. त्याची 'अल्सेस्टिस' बघा, इ.स.पू. ४३८ ची. बायको नवऱ्याच्या जागी स्वतः मरते, महाबली वीर हेराक्लीज मृत्यूशी कुस्ती खेळून तिला परत आणतो, पण सरळ देत नाही, तोंडावर पदर घेतलेली कुणी परकी बाई म्हणून नवऱ्यासमोर उभी करतो आणि म्हणतो हात धर हिचा. दुसरी बायको करणार नाही असं हा वचन देऊन बसलेला, त्यामुळे मान फिरवून, न बघता कसाबसा हात पुढे करतो. पदर सरतो तर ही! आणि ती एक अक्षर बोलत नाही, तीन दिवस बोलायचं नाही असा नियम. आनंदच आहे, पण अंगावर काटा येतो. गंमत म्हणजे हे नाटक त्या वर्षी सॅटर-नाटकाच्या जागी, चौथं म्हणून झालं होतं, आणि जुन्या टीपाकारांनीही कुरकुर केलीच आहे की शेवट गोड आहे, हे ट्रॅजेडीला शोभत नाही. म्हणजे तुमची शंका चांगली जुनी आहे.

ॲरिस्टॉटलचे तर दोन्ही दगडांवर पाय. नाटकावरच्या त्याच्या 'पोएटिक्स' या पुस्तकात एका प्रकरणात म्हणतो युरिपिडीज सगळ्यात ट्रॅजिक कवी, कारण त्याची बरीच नाटकं दुःखात संपतात, आणि लगेच पुढच्या प्रकरणात सगळ्यात उत्तम प्रसंग म्हणून उदाहरण कुठलं देतो, तर बहीण भावाचा बळी द्यायच्या आधी त्याला ओळखते ते, युरिपिडीजच्याच इफिजेनियावरच्या नाटकातलं. म्हणजे अनर्थ टळतो ते! त्याच्या व्याख्येत करुणा आणि भीती आहे, शेवट कसा हवा ते नाही.

अजून एक, 'हेलन', 'इऑन' आणि ही इफिजेनिया आपल्यापर्यंत आली ती बऱ्यापैकी नशिबानं. युरिपिडीजची नव्वदेक नाटकं, त्यातली दहाएक निवडक म्हणून वाचली-शिकवली गेली, बाकीची बहुतेक गेली. पण ग्रीक वर्णक्रमानं लावलेल्या समग्र संग्रहातला मधलाच एक तुकडा एका हस्तलिखितात टिकला, त्यात ही तिन्ही. तो तुकडा हरवला असता तर युरिपिडीज म्हणजे नुसती 'मिडीआ', पोरं मारणारी, असंच आपण समजलो असतो आणि शोकांतिका हा शब्द कुणाला खटकलाही नसता.

मग म्हणायचं काय? समीक्षेत शोकात्मिका असा शब्द चालतो, मला तो जास्त पटतो, शोक आत्म्यात आहे, शेवटात असेलच असं नाही. 'मिडीआ'ला शोकांतिका म्हणा खुशाल. 'हेलन'ला शोकात्मिका, नाहीतर सरळ ट्रॅजेडी. बाकी खड्डे बुजत नाहीत हीच खरी शोकांतिका वगैरे जे पेपरात येतं त्याला तर अंतच नसतो, ते चालू द्या.