इतिहासाची शिक्षिका व्हायचे आहे. तयारी केव्हापासून करावी?

प्रश्न : मी पुण्यातील एका महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून इतिहास हा माझा मुख्य विषय आहे. मला माध्यमिक शाळेत शिकवायचे आहे. सध्या केवळ पदवीच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे, की आतापासून वेगळी तयारी करावी? पदवीनंतर आधी एम.ए. करावे की बी.एड.?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बी.एड.ला प्रवेश घेतला की शिकवायचे कसे ते आपोआप येईल, असे अनेकजण धरून चालतात. बी.एड.मध्ये पाठ कसा घ्यावा हे शिकवले जाते; विषयाचे ज्ञान मात्र पदवीतूनच सोबत न्यावे लागते, आणि शाळेत तो विषय नुसता इतिहास नसतो. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत इतिहास व राज्यशास्त्र ४० गुणांचे आणि भूगोल ४० गुणांचा असतो, आणि अनेक शाळांत हे सारे एकाच शिक्षकाच्या वाट्याला येते. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की भूगोलाची तयारी आजच सुरू करा.

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. २०१८ मध्ये आलेले दहावीचे भूगोलाचे पुस्तक क्षेत्रभेटीपासून सुरू होते आणि पुढे भारत व ब्राझील यांची तुलना करत जाते. ते हातात घेऊन स्वतःला विचारा : नकाशावरील समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र आणि दूर गेल्या की मंद, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावू शकेन का? पुण्याच्या मुलांना हे पर्वती किंवा वेताळ टेकडीच्या उदाहरणाने चटकन पटते. इतिहासाचे पुस्तकही गृहीत धरू नका. त्यातील इतिहासलेखनाच्या प्रकरणात रांके, मार्क्स आणि मिशेल फुको हे युरोपीय विचारवंत येतात. पंधरा वर्षांच्या मुलांना सोप्या मराठीत रांके समजावून सांगणे हे पदवीच्या उत्तरपत्रिकेपेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष शिकवण्याची. वस्तीतील अभ्यासिकेत किंवा ओळखीच्या शाळेत, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन, आठवड्यातून एखादा तास मुलांना शिकवा आणि त्याआधी पाठाचे टाचण लिहा : उद्दिष्टे, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन, मूल्यमापन. नवख्या शिक्षकाच्या टाचणात शिक्षककृतीचा रकाना भरगच्च आणि विद्यार्थिकृतीचा जवळपास रिकामा असतो, आणि तास का रेंगाळला याचे उत्तर बहुधा तिथेच सापडते. महात्मा फुले वाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस ही ठिकाणे आपल्या शहरातच आहेत. तिथे जाऊन, मुलांना इथे कोणते तीन प्रश्न विचारता येतील, ते लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या.

प्रवेशाचे सांगायचे तर, पदवीला किमान ५० टक्के गुण (राखीव प्रवर्गासाठी ४५) हवेत आणि राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एड. प्रवेश परीक्षा द्यावी लागते; तिसऱ्या वर्षात असतानाच ती देता येते. बी.एड. दोन वर्षांचे असून त्यात किमान २० आठवडे शाळेत काम करावे लागते. अध्यापन पद्धती (म्हणजे ज्या विषयांचे अध्यापन शिकायचे ते विषय) निवडताना इतिहासाबरोबर भूगोल किंवा मराठी घेतल्यास शाळेत उपयोग अधिक होतो.

नोकरीचा मार्ग मात्र लांबचा आहे, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. अनुदानित शाळांतील भरती राज्य शासनाच्या ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून होते आणि तिच्यासाठी २०० गुणांची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. तरीही अनेक माध्यमिक शाळा पाचवीपासून भरतात, त्यामुळे तिचा सामाजिक शास्त्रांचा दुसरा पेपर उत्तीर्ण होऊन ठेवावा. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पूर्ण वेतनाऐवजी ठरावीक मानधनावर, काम करावे लागते आणि २०२३ पासून माध्यमिकसाठी त्याचे मानधन दरमहा १८,००० रुपये आहे. पुण्यात घरभाडे भरून त्यात भागवणे कठीण आहे. घरच्यांशी याविषयी आताच मोकळेपणाने बोलून घ्या.

राहिला एम.ए.चा प्रश्न. तुमचे ध्येय नववी-दहावी असेल तर आधी बी.एड. करा. अकरावी-बारावीला शिकवण्यासाठी एम.ए. आवश्यक असते, ते नोकरी करताना दूरस्थ पद्धतीनेही पूर्ण करता येते, आणि वर्ग सांभाळत असताना वाचलेला इतिहास अधिक खोलवर उतरतो, असे माझे ठाम मत आहे.