लंडनला यायच्या आधी निफाडला फोन लाव

तू विचारलं आहेस की नाशिकला एमएस ऑफ्थॅल्मचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि पुढे लंडनला डोळ्यांच्या क्लिनिकल रिसर्चमध्ये यायचंय, तर आधी प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची ब्रिटनची परीक्षा, द्यावी की मास्टर्स करून आत शिरावं? आणि नवऱ्याला सोबत आणता येईल का?

नवऱ्याचं आधी सांगते. नेहमीच्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला आलीस, तर जानेवारी २०२४ पासून डिपेंडंट आणता येत नाही. आणि मास्टर्ससाठी कर्ज काढणार असशील तर माझं मत सरळ आहे, काढू नकोस. तू डॉक्टर आहेस. इथे डॉक्टर म्हणून पेशंट तपासायचा, डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, तर जीएमसीची, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलची, नोंदणी लागते, आणि मास्टर्सनं ती मिळत नाही. त्यासाठी आधी इंग्रजीची परीक्षा: आयईएलटीएसला एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, नाहीतर ओईटीला चारही भागांत बी ग्रेड. प्लॅबचा पहिला भाग भारतात देता येतो, दुसऱ्यासाठी मँचेस्टरला यावंच लागतं. हे सगळे करतात, तूही करशील.

मी अडकले ती वेगळ्या ठिकाणी. इथल्या फेलोशिपच्या इंटरव्ह्यूत माझ्या थिसिसबद्दल एकच प्रश्न आला: "किती पेशंट फॉलोअपला परत आले नाहीत, आणि तुम्ही काय केलंत?" विषय होता बुरशीनं होणारा बुबुळाचा अल्सर. द्राक्षाच्या गोडी छाटणीत काडी लागलेले, ऊस तोडताना पात घासलेलं, निफाड-दिंडोरीकडचे पेशंट. परत न आलेले बरेच होते. मी त्यांना नुसतं वगळून टाकलं होतं. डोळ्यात फूल पडलं म्हणून आले नाहीत, की बरं वाटलं म्हणून, हे मला ठाऊकच नव्हतं. ती जागा गेली.

पुढच्या वर्षी मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात नजर मोजायला पुन्हा शिकले. हसू नकोस. आपल्याकडे छोट्या खोलीत आरसा लावून स्नेलन चार्ट, म्हणजे नेहमीचा अक्षरांचा तक्ता, वाचून घेतो आणि ओळ अर्धवट वाचली तरी ६/१२ पार्शल लिहून मोकळे होतो. ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, ईटीडीआरएस नावाचा वेगळा चार्ट असतो, चार मीटरवर. एका ओळीत पाच अक्षरं, आणि मोजायची ती ओळ नाही, अक्षरं. एका आजोबांनी सी ला ओ म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, "नीट बघा बरं!" मागे उभ्या कोऑर्डिनेटरनं तिथंच थांबवलं. अंदाज बांधा म्हणायला परवानगी आहे, पण चुकलं हे कळू द्यायचं नाही, अगदी आवाजातूनही नाही.

यात एवढं काय, तर हे बघ. डायबिटीसमुळे मागच्या पडद्याला सूज आलेल्यांवर तीन इंजेक्शनांची तुलना करणारी प्रोटोकॉल टी ट्रायल २०१५ साली छापून आली. ज्यांची नजर सुरुवातीलाच जास्त खराब होती, त्यांच्यात वर्षभरानं त्यातल्या अफ्लिबरसेप्टनं सरासरी १८.९ अक्षरं वाढली, बेव्हासिझुमॅबनं ११.८. फरक सात अक्षरांचा. माझ्यासारख्या प्रेमळ बाईनं प्रत्येकाला तीन-चार अक्षरं बहाल केली, तर त्यात काय उरणार?

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. बुरशीच्या अल्सरवर व्होरिकोनॅझोल हे औषध नवं, महाग, म्हणून चांगलं असणार असं बऱ्याच जणांना वाटायचं. २०१३ मध्ये दोन औषधांची तुलना करणाऱ्या ट्रायलचा निकाल आला: जुन्या नॅटामायसिनच्या थेंबांनी नजर जास्त सुधारली, विशेषतः फ्युजेरियम या बुरशीत. पैसा अमेरिकेचा होता, पण पेशंट दक्षिण भारतातले, अरविंदच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांमधले, कारण असे पेशंट अमेरिकेत त्या संख्येनं मिळतच नाहीत. इथल्या कॉर्निया क्लिनिकमध्ये मी बुरशी बघते ती बहुतेक कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांची. तुझ्या ओपीडीत ती दर छाटणीला येते.

म्हणून प्लॅबचा अभ्यास चालू ठेव, पण सोबत जीसीपीचं, म्हणजे ट्रायल कशी करायची त्या नियमांचं, ट्रेनिंग करून घे, आणि पुढचा जो अभ्यास हाती घेशील त्याची सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या रजिस्टरवर, नोंद पहिला पेशंट घेण्याआधी कर. नंतर केलेली चालत नाही.

आणि तुझ्या थिसिसमधले जे परत आले नाहीत, त्यांची यादी काढून एकेकाला फोन लाव. संध्याकाळी सातनंतर, शेतातून घरी आल्यावर. एप्रिलच्या आत उरक, खरड छाटणी सुरू झाली की कोणी फोन उचलणार नाही.