समजात की समरूप? वटवाघळाचा पंख नेमका कशात बसतो

प्रश्न असा आलाय की उत्क्रांतीच्या वादात हाडांची तुलना निघाली की 'समजात' (इंग्रजीत होमोलॉगस) आणि 'समरूप' (इंग्रजीत ॲनालॉगस) हे दोन शब्द हमखास येतात, त्यात फरक काय, वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख कशात धरायचे, आणि "हाडं सारखी म्हणून पूर्वज एक, पूर्वज एक म्हणून हाडं समजात" हे गोल गोल फिरणं नाही का. शेवटचा प्रश्न खरा भारी आहे, पण आधी शब्द बघू.

समजातमधला 'जात' म्हणजे जातपातवाली जात नाही, आणि जीवशास्त्रात वाघाची जाती, सिंहाची जाती म्हणतात तीही नाही. नवजात, अभिजात यात जो आहे तोच हा, म्हणजे जन्मलेला. एकाच उगमातून आलेले ते समजात, बस. बरेच जण 'एकाच जातीचे' असं वाचतात आणि मग माणूस आणि देवमासा एका जातीचे कसे म्हणून भांडायला उभे राहतात. (रसायनशास्त्रातली समजातीय श्रेणी हे वेगळंच प्रकरण, ती इथे आणू नका.)

'समरूप' मला इथे अजिबात पटत नाही. शाळेत समरूप त्रिकोण शिकलेल्या माणसाला तो शब्द आकाराबद्दलच वाटणार, आणि इथे मुद्दा आहे कामाचा. फुलपाखराचा पंख आणि कावळ्याचा पंख, काम एकच, उडायचं, पण फुलपाखराच्या पंखात हाडच नसतं. याला कार्यसदृश म्हटलं की न समजावता कळतं. काही जण समवृत्ती लिहितात, तेही चालेल.

आता वटवाघूळ. उत्तर 'दोन्ही' असं आहे आणि ही पळवाट नाही, कारण समजात म्हटलं की लगेच विचारायला हवं, काय म्हणून समजात? हात म्हणून बघितलं तर वटवाघूळ, पक्षी, देवमासा, आपण, सगळ्यांचा आराखडा एकच, दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगटाची बारकी हाडं आणि पुढे बोटं. म्हणजे हात म्हणून समजात. पण पंख म्हणून बघा, वटवाघळात चार लांबलचक बोटांवर कातडं ताणलंय आणि अंगठा मोकळा, पक्ष्यात बोटं तीनच उरलीत, त्यांची हाडं बरीचशी एकमेकांत जुळलेली आणि उडायचा भार पिसांवर, आणि टेरोसॉर या नामशेष झालेल्या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यात तर एकट्या चौथ्या बोटाने अख्खा पंख तोलून धरलेला. तिघांच्या समाईक पूर्वजाला पुढचे पाय होते, पंख नव्हते, त्यामुळे पंख म्हणून हे तिन्ही कार्यसदृशच.

आता गोल गोलचा आरोप. यात तथ्य असतं, जर समजातची ओळख पूर्वजावरूनच पटवली असती तर. पण इतिहास उलटा आहे. बेलाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १५५५ मध्येच माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी काढून हाडाला हाड जुळवून दाखवलं होतं, उत्क्रांतीचा तेव्हा पत्ताच नव्हता. पुढे जॉफ्रुआ सेंट-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने कसोटी दिली की हाडाचा आकार बघू नका, ते कुठल्या हाडाला जोडलंय ते बघा. गंमत म्हणजे हा माणूस अशा, म्हणजे समजात अवयवांना 'ॲनालॉग' म्हणायचा, म्हणजे आज ज्याच्या बरोब्बर उलट अर्थाने तो शब्द वापरतात! तेव्हा हा घोळ मराठीने घातलेला नाही, मुळातच आहे. तो निस्तरला रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये, त्याची समजातची व्याख्या साधारण अशी की रूप आणि काम कितीही बदललं तरी वेगवेगळ्या प्राण्यांतला 'तोच' अवयव. यात पूर्वज कुठेच नाही, आणि ओवेन पुढे डार्विनचा मोठा टीकाकार झाला. डार्विनने १८५९ मध्ये, आधीच जुळवून ठेवलेल्या या हाडांचं कारण सांगितलं, पूर्वज एक, इतकंच.

यावर "एकाच रचनाकाराने एकच डिझाइन वापरलं असेल" असं म्हणणारे असतातच, आणि नुसती पाच बोटांची आकृती दाखवून त्यांना गप्प करता येत नाही हे मान्य, ओवेनचंही म्हणणं मूळ आराखड्याचंच होतं. म्हणून मी वादात हात बाजूला ठेवून कान काढतो. आपल्या मधल्या कानात हातोडी, ऐरण, रिकीब अशी तीन हाडं असतात, सरड्याच्या मधल्या कानात एकच, पण त्याच्या जबड्याच्या सांध्यात आपल्याकडे नसलेली दोन हाडं. १८३७ मध्ये राइखर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने भ्रूण तपासून सांगितलं की आपली हातोडी आणि ऐरण म्हणजे तीच दोन जबड्याची हाडं. ऐकायला विचित्रच वाटतं, कारण जबडा अधांतरी ठेवून त्याची हाडं कानात जाणार कशी? पण नंतर मॉर्गन्युकोडॉन या सस्तन प्राण्यांच्या जुन्या नातेवाइकासारखे जीवाश्म मिळाले, त्यांच्यात जुना (सरड्यासारखा) आणि नवा (आपल्यासारखा) असे दोन्ही सांधे एकाच जबड्यात शेजारी शेजारी आहेत. डार्विनच्याही आधी फक्त भ्रूणावरून केलेली ओळख वेगळ्याच पुराव्याने खरी निघाली, मग गोल कुठे राहिलं?

आणि जाता जाता एक वापराची चूक. जनुकांबद्दल लिहिताना "हे दोन जनुक ८० टक्के समजात" असं सर्रास लिहितात. उगम एक असतो किंवा नसतो, ८० टक्के नसतो. टक्के असतात ते साम्याचे, तेव्हा तिथे "८० टक्के साम्य" लिहा.